देव्हाऱ्यातल्या नाण्याचा फोटो

बाई, काल ऊर्जानगरच्या या क्वार्टरमध्ये मी मुलाला ट्यूबलाइट बंद करायला लावली. त्याला जुनी नाणी जमवायचा नाद आहे, आणि त्यांचे फोटो काढताना तो छताचा दिवा, टेबलाचा दिवा, मोबाइलचा दिवा असे सगळे एकदम लावून बसतो. नाणं चकाकतं आणि अक्षरं गायब. मी म्हटलं, सगळं विझव, खिडकीचा एकच पडदा उघड आणि नाणं तिच्या कडेला ने. त्यानं विचारलं, आई, तुला हे कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं. पुढचं काही सांगितलं नाही.

चिमूरला तुम्ही मुलींना इतिहास शिकवायचात. मी नव्यानं लागलेली मास्तरीण, तुमच्याच घरात एका खोलीत राहायची. यजमान गेल्यावर त्यांचा भात्याचा कॅमेरा तुम्ही विकला नाहीत, शिकून घेतलात. बाईमाणूस काळं फडकं डोक्यावर घेऊन फोटो काढते म्हणून गाव हसायचं, आणि तुम्ही त्या गावाला खुशाल हसू द्यायचात. धानाच्या बांध्यांत नांगराला लागलेली नाणी लोक देव्हाऱ्यात ठेवत. तुम्ही त्यांचे फोटो नागपूरच्या एका जाणकारांकडे वाचायला पाठवत होतात. जवळच्या खेड्यातल्या एका आजींकडे अशी चार तांब्याची नाणी होती. दोन वर्षं तुम्ही त्यांच्या ओसरीवर जाऊन बसत होतात, तेव्हा कुठे त्यांनी एक दिलं, तेही एका दिवसापुरतं. "सांजच्याले देवापाशी पायजे," म्हणाल्या. ते नीट परत गेलं की बाकीची तीन मिळणार होती.

शनिवार होता. तुम्ही सकाळच्या शाळेला गेलात, मी रजेवर. वडसा गावच्या आमच्या घरी दिवाळीआधी सगळे देव चिंचेनं घासून काढत, आणि ते काम माझंच असे. तुमचा फोटो झकास यावा म्हणून मी चिंच भिजवली, मीठ घेतलं, आणि त्या नाण्यावरचा काळपट थर, हळद, कुंकू सगळं खरवडून काढलं. अतिशहाण्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वर्गात शिकवायची. तुम्ही आलात तेव्हा मी शाबासकीची वाट बघत उभी होते.

तुम्ही नाणं तळहातावर घेतलंत. "घासलं काऊन?" एवढंच म्हणालात आणि खाली बसलात. मग नाणं उजेडाकडे कलतं करून म्हणालात, "त्या काळ्यावरच तं अक्षर उठून दिसते, पोरी. आता सारंच चमकून राह्यलं." मला वाटलं, सामान बांधायला सांगाल. तुम्ही लिहायची काळी पाटी आणायला सांगितलीत.

पाटीवर नाणं ठेवून तुम्ही आधी अंगणात नेलंत. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर मी बघितलं, नुसता पांढरा गोळा. खोली अंधारी करून कंदील लावला, तर नाण्यात कंदीलच दिसायला लागला. मग तुम्ही दाराची एक फळी लोटलीत, दुसरीवर जुन्या पातळाचा तुकडा टांगलात, आणि पाटी दाराच्या अगदी कडेला सरकवलीत, उजेड नाण्यावर वरून न पडता बाजूनं घासत जावा म्हणून. पलीकडून मी एका हातानं वहीचा कोरा कागद धरला, उजेड उलटून नाण्यावर पडावा म्हणून. नाणं जरा कलावं म्हणून त्याच्याखाली एका बाजूनं तुम्ही तांदळाचे चार दाणे सारलेत. मी काचेत बघत होते, आणि एक अक्षर अंग धरून वर आलं. मग दुसरं. तुम्ही म्हणालात, "कागद हलवू नको. रडाचं तं मंग रड."

संध्याकाळी आजींनी नाणं उलटसुलट केलं. "हे माह्या सासूच्या हातचं कुंकू होतं," त्या म्हणाल्या. "पुसलं काऊन, बाई?" मी तोंड उघडेपर्यंत तुम्ही बोलून गेलात. "मीनंच घासलं, माय. चुकलं माहं." आजी रागावल्या नाहीत. नाणं पदराच्या गाठीत बांधून आत गेल्या. उरलेली तीन नाणी तुम्हाला कधीच बघायला मिळाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कॅमेरा माझ्यापुढे ठेवलात. "मले आता कमी दिसते, तूच शिक." त्यानंतर आयुष्यभर मी जे काही नीट बघायला शिकले, ते त्या दारापाशी. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, आणि ते फेडायची मला घाईही नाही.

पण एक राहिलं. चांद्याहून फोटो धुऊन आला तेव्हा एक प्रत पुठ्ठ्यावर चिकटवून तुम्ही मला आजींकडे पाठवलंत, आणि मी जाताना मनाशी ठरवलं होतं की आज त्यांना खरं सांगून टाकायचं. आजी अंगणात धान पाखडत होत्या. मी कुंपणापाशी जरा उभी राहिले आणि तशीच परतले. "काय म्हणे माय?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, फोटो देवापाशी ठेवला, आणि बाईला चहाला ये म्हणून सांग म्हणाल्या. तुम्ही पदरानं डोळे पुसलेत. तो फोटो अजून माझ्या पेटीत आहे. तुम्ही पुढे कधी त्या चहाला गेलात का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.