न सोललेल्या कळ्या

१२ ऑगस्ट
दवाखान्यातून उदासीवर दिलेली गोळी घेतली की सकाळी उठवत नाही. कंपनीच्या बियाण्याच्या प्लॉटवर पोचले तर बायका कपाशीला नराचं फूल लावत निम्म्या ओळी पुढे. मुकादम शकूबाई म्हणाली, "मालकीणबाई आल्या गं! चहा ठेवा." सगळ्या हसल्या. मीही हसले बहुतेक.

१३ ऑगस्ट
गोळी बंद. डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. जालन्याला जायचं म्हणजे रोज बुडतो.

१८ ऑगस्ट
उठते वेळेवर. झोपच नाही. हे जाऊन तीन वर्षं झाली. लोकांच्या मते आता बरं वाटायला हवं. वाचनालयाचं पुस्तक उघडलं. तेच पान, पुन्हा तेच. पूर्वी भज्यांचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नव्हते.

२० ऑगस्ट
दुपारी कळी सोलायची, नखाने केसर काढायचे, मग खूण म्हणून लाल कागद अडकवायचा. मी नुसतेच कागद अडकवत गेले. अख्खी ओळ. हात चालू होते, मी कुठे होते ते...
कंपनीचा तपासनीस ओरडला, "ही ओळ कोणाची? कळ्या सोलल्याच नाहीत, बी वाया गेलं सगळं!" शकू म्हणाली, "आमची सगळ्यांची." तो गेल्यावर मला बाजूला घेतलं. "तू घरी बैस आता, बाई. तुझ्यापायी माझ्या सगळ्या बायांचं काम जाईल."
तीही ओरडली असती तर बरं झालं असतं.

२५ ऑगस्ट
भोकरदन तहसील. सरकारचा निराधारचा पगार बंद पडलाय. शेजारच्या सिंधूने ओढून नेलं. "काकू, केस तरी विंचरा."
तिथल्या बाबूने विचारलं, "प्लॉटवर कामाला जाता म्हणे? गावातूनच कळलं."
"न्हाई."
खोटं बोलायची तयारी करून गेले होते. गरज पडली नाही, शकूने घरी बसवलंच होतं. चौकशीला माणूस पाठवतो म्हणाला. कधी, ते नाही.

२८ ऑगस्ट
शकू दारात. तिच्यातल्या दोघीजणी गौरींसाठी घरी राहणार, बाया कमी पडल्यात. "उद्यापासून ये. पण शुद्धीत ये."
म्हटलं, चौकशीवाला आला अन् मी प्लॉटवर सापडले तर पगार कायमचा जाईल.
"मंग त्या पगारावर पोट भरून राह्यलं का तुझं?"
नाही भरत. रोजावरही नाही, हंगाम संपला की पुढे काय.
"येतीस का न्हाई, एवढं सांग."
मी तांब्या पुढे केला. ती पाणी पिऊन उठली. "सकाळी बायांची जीप फाट्यावर थांबवते. जास्त न्हाई थांबणार."
ती आली तेव्हा भाकरी करायला बसले होते. पीठ परातीत तसंच आहे.