सहा झाकलेले गाडे

फाल्कनवेर्टचा किल्ला,
३ सप्टेंबर १७४४

ती. वोल्फरातमामांना,
भाचा एगोनचा टोपी काढून नमस्कार. (तटाच्या आडूनच काढलीय, तुमचे गोलंदाज टोप्या उडवतात.) वि. वि.

पांढऱ्या निशाणाबरोबर पाठवलेली खरबुजं आणि बर्फ पोचला. खरबुजं साखरेसारखी निघाली. बर्फ जखमींच्या कपाळावर ठेवला, एक खडा मी चोखला. तोफगोळेही रोज पोचतायत, त्यांची पोच वेगळी लिहीत नाही.

तुम्ही रिवाजाप्रमाणे विचारलंय की मी कुठल्या घरात झोपतो, म्हणजे तिकडे गोळे टाकायचे नाहीत. आभारी आहे. मामा, मी उत्तरेच्या बुरुजामागे झोपतो. हो, तोच. अकरा दिवस तुम्ही ज्याला भोक पाडताय तो. खाट तिथंच टाकलीय, उशीसुद्धा आहे. आता रिवाज पाळायचा की भोक पाडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आत कोणी मोठं माणूस नाही का, असंही विचारलंत. होतं. म्हातारे किल्लेदार तुम्ही वेढा घातलात त्याच्या तिसऱ्याच दिवशी तापानं गेले. लढाई कळणारे तीन मेजर आहेत, पण त्यांचे बाप राजघराण्यात जन्मले नाहीत त्याला ते बिचारे काय करणार? मला आठव्या दिवशी बारशालाच पलटण मिळालेली. पाळण्यातला कर्नल तेविसाव्या वर्षी किल्लेदार झाला, यात नवल ते काय? मेजर हार्ट्श सांगतात ते मी सगळं करतो. सांगत नाहीत तेही करतो.

कळावे. लोभ आहेच. तो वाढावा आणि तोफा घटाव्यात.
तुमचा,
एगोन


छावणी, फाल्कनवेर्टसमोर,
९ सप्टेंबर

चि. एगोन यास,
मामाचा आशीर्वाद. कान उपटायला हात पोचत नाही, एवढंच दुःख.

तुझं पत्र वाचून दोन तास मी खरंच तोफा थांबवल्या. मग माझा इंजिनियर हसला आणि मला अक्कल आली. ज्या पोरानं माझा केसांचा टोप बोकडाला घालून त्याला देवळात माझ्या जागेवर बसवलं, त्याच्या शब्दावर मी तोफा थांबवतोय! बिशप त्या बोकडाला वाकून नमस्कार करून पुढे गेला होता, आठवतं का? तू सात वर्षांचा होतास. त्या दिवशी तुला फटके दिले आणि खोलीत जाऊन मी पोट धरून हसलो, हे आज सांगतो.

आता कामाचं. तुझी आई लिंडेनएक घराण्यात दिली म्हणून तू ड्यूकच्या बाजूचा, आणि मी त्याच्या शत्रूचा, इलेक्टरचा फील्डमार्शल. घराणी आपली, भांडणं त्यांची. पण माझ्या भाच्याला मी बोळात कोंडल्यासारखं मारणार नाही. आठवड्यात खिंडार माणूस चढेल एवढं होईल. तुझ्या तोफांची दारू संपत आलीय हे मला कळतं, कारण तू आता दिवसाला चारच वेळा उत्तर देतोस. ड्यूकची मदत येत नाही. मी आत घुसलो तर शहराची लूट मलाही थांबवता येणार नाही.

म्हणून मानानं बाहेर ये. ढोल वाजवत, निशाणं फडकवत, दोन तोफा ओढत, बंदुकांच्या बत्त्या पेटत्या ठेवून, पुढच्या बाराच्या गोळ्या तोंडात धरून, अधिकारी घोड्यावर, तू कमरेला आजोबांची तलवार लावून. यापेक्षा जास्त मान मी कुणाला दिलेला नाही.

एकच अट. माझ्या पलटणीतून पळून तुझ्याकडे भरती झालेली त्रेपन्न माणसं आत आहेत. ती माझ्या हवाली कर. आणि झाकलेले गाडे मिळणार नाहीत. किल्ला सोडणाऱ्याला असे गाडे द्यायचे आणि आत काय आहे ते बघायचं नाही, हा रिवाज मलाही ठाऊक आहे. गाड्यात काय लपतं तेही ठाऊक आहे. यावेळी एकही नाही.

उत्तर लवकर दे. आशीर्वाद आहेतच, त्यांना लायक हो.
वोल्फरातमामा


फाल्कनवेर्ट,
१४ सप्टेंबर

ती. मामांना,
एगोनचा नमस्कार. वि. वि.

खिंडार छान झालंय. काल मी त्यातून उतरून परत चढून बघितलं. तुमच्या पहारेकऱ्यानं मला ओळखलं नाही, तंबाखू मागितली. दिली.

त्रेपन्न माणसं तुम्ही कशाला मागताय ते तुम्ही लिहिलं नाहीत, मीच लिहितो. झाडाला टांगायला. त्यातल्या एकाला तुम्ही ओळखता. माथेस क्नोल. तुमच्या वाड्यावर घोड्यांना खरारा करायचा, मला अंगाखांद्यावर खेळवायचा, मला शीळ घालायला त्यानंच शिकवलं. लॅटिनच्या मास्तरांनी सहा वर्षांत जे माझ्या डोक्यात घातलं नाही ते त्यानं एका दुपारी ओठांत घातलं. त्याचा बाप मरायला टेकला होता म्हणून त्यानं चार दिवसांची रजा मागितली, तर तुमच्या कॅप्टननं पंचवीस फटके दिले. तो न सांगता गेला, बापाला पुरलं, आणि परत गेलो तर मरेन म्हणून आमच्याकडे आला. बाकीच्या बावन्नांच्या गोष्टी थोड्याफार अशाच. दोन-चार नुसते चोर आहेत, तेही खरं.

पण त्यांनी माझ्या निशाणाखाली हात वर करून शपथ घेतलीय आणि मी त्यांना भाकर दिलीय. एकवीस दिवस ते तटावर उभे आहेत. ढोल वाजवत मी पुढे जायचं आणि मागे त्यांना झाडाला लटकवायचं, तर ढोल कसले, ते माझ्या तोंडावर वाजतील.

मला झाकलेले गाडे हवेत. एकात नऊ माणसं दाटीवाटीनं बसतात, म्हणजे सहा गाडे. नाही दिलेत तर या आत. खाट अजून तिथंच आहे, आधी माझ्यावर पाय द्यावा लागेल. तुमचे बूट जड आहेत, मला लहानपणापासून माहीत आहे.

लोभ करायचा की हल्ला, ते कळवावे.
एगोन


लिंडेनएक,
१७ सप्टेंबर

चि. एगोनला,
आईचा आशीर्वाद.

दादाचं पत्र आलं. वाचून जेवणावरून उठले. तो तुला सगळे मान देतोय आणि तू पळपुट्यांसाठी अडून बसलायस? तुझे आजोबा एक पाय गमावून खाटेवरून किल्ल्याबाहेर आले, पण ढोल वाजत आले. पणजोबांनी तर ढोलवाले मेले म्हणून स्वयंपाक्याकडून पातेली बडवून घेतली. दोनशे वर्षांत आपल्या घरातलं कुणी मुकाट्यानं किल्ला सोडलेलं नाही. जिन्यावरच्या तसबिरी बघ एकदा, एकाची तरी मान खाली आहे का?

माझा भाऊ बाहेर, माझा मुलगा आत. तोफ वाजली की कुणासाठी प्रार्थना करू तेच मला समजत नाही, म्हणून दोघांनाही शिव्या देते आणि मग गुडघे टेकते. घराण्याचं नाक कापू नकोस. आणि मरू पण नकोस. लोकरीचे मोजे पाठवलेत, ओलं राहू नकोस.

तुझी आई,
सिबिला


फाल्कनवेर्ट,
१९ सप्टेंबर

ती. आईस,
एगोनचा नमस्कार.

मोजे मिळाले. एक मी घातलाय, दुसरा मेजर हार्ट्शना दिला. त्यांना एकाच पायाला थंडी लागते म्हणतात, पण मला वाटतं लाजतात.

तसबिरींचं म्हणशील तर लहानपणी मी त्या सगळ्या मोजल्यात. मान कुणाची खाली नाही हे खरं. पण आई, त्यांच्या मागे कोण चाललंय ते एकाही चित्रात काढलेलं नाही. चित्रकारानं तिथं धूर काढलाय.

मी तुझा आहे आणि ओला नाही.
एगोन


छावणी,
२० सप्टेंबर

चि. एगोन यास,
मामाचा आशीर्वाद, आणि शेवटची समज.

तुला गाडे हवेत ना? ठीक. फुकट मिळणार नाहीत. एका गाड्याला एक मान. पहिल्या गाड्यासाठी ढोल सोड. दुसऱ्यासाठी निशाणं, ती गुंडाळून माझ्या पायाशी. तिसऱ्यासाठी दोन्ही तोफा. चौथ्यासाठी बत्त्या आणि गोळ्या, म्हणजे बंदुका रिकाम्या. पाचव्यासाठी अधिकाऱ्यांचे घोडे, तुझाही. सहाव्यासाठी आजोबांची तलवार. लिंडेनएकचा राजपुत्र पायी, नि:शस्त्र, मुकाट्यानं माझ्या तीस हजार माणसांसमोरून जाईल आणि मी टोपीला हात लावणार नाही, कारण मान नसलेल्याला सलाम नसतो.

हे मी लिहिलं ते तू करणार नाहीस म्हणून. रक्त कुठलं आहे ते मला माहीत आहे, निम्मं माझंच आहे. उद्या दुपारपर्यंत शहाण्यासारखं उत्तर दे, नाहीतर परवा आम्ही चढतो.

वोल्फरातमामा


फाल्कनवेर्ट,
२१ सप्टेंबर, सकाळ

ती. मामांना,
एगोनचा नमस्कार. वि. वि.

सहाही घेतले.

घोडे आणि ढोल माझ्या एकट्याचे नाहीत, म्हणून तिन्ही मेजरांना बोलावून तुमचं पत्र वाचून दाखवलं. ढोलांचं नाव आल्यावर मेजर हार्ट्श खिडकीकडे वळले. चाळीस वर्षं चाकरी झालीय त्यांची. बराच वेळ नाक शिंकरत उभे होते. मग घोड्याचा लगाम आणून माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाले की घोडं तसंही म्हातारं झालंय, फील्डमार्शलसाहेबांना लखलाभ असो. बाकीच्या दोघांनी त्याहून वाईट शब्द वापरले, ते कागदावर मावत नाहीत.

शहर लुटणार नाही आणि गाड्यांचं कापड कुणी उचलणार नाही, ही दोन कलमं तेवढी तुमच्या सहीशिक्क्यासकट पाठवा. तुमच्या शब्दावर विश्वास आहे. माझ्या शब्दावर तुमचा नाही, ते योग्यच आहे.

एक विचारायचं राहिलं. करारात ढोलांना मनाई आहे. तोंडाबद्दल काही लिहिलेलं नाही ना?

तुमचा,
एगोन


ड्यूकची छावणी, वाल्डहोफ,
२७ सप्टेंबर

ती. आईस,
एगोनचा नमस्कार. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी मीच सांगतो.

चोवीस तारखेला सकाळी दार उघडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मामांचे शिपाई, आणि कोपऱ्यावर घोड्यावर मामा, टोपी डोक्यावर घट्ट. मी सगळ्यात पुढे, पायी, हातात झाडाची काठी. तलवार आदल्याच दिवशी दिली होती, कंबर हलकी हलकी वाटत होती. माझ्या मागे सहा गाडे, मग पलटण, आणि आमच्या बुटांशिवाय कशाचा आवाज नाही. आई, खरं सांगतो, त्या शांततेत मला पहिल्यांदा घाम फुटला. वाटलं, तसबिरीतले सगळे बघतायत. बाजूचे शिपाई हसायला लागले. एकानं विचारलं की राजपुत्रा, घोडा खाल्लास का? मी म्हटलं, हो, शेपटी उरलीय, पाठवू का?

तेव्हा मी आपली लिंडेनएकची कूच करायची धून शिळेवर सुरू केली. ओठ कोरडे, पहिल्या दोन ओळी नुसती हवा. मग मागून मेजर हार्ट्श, त्यांना दात चारच आहेत. मग सगळी पलटण. आठशे माणसं शीळ घालत चाललीयत असं तू कधी ऐकलं नसशील. मीही नव्हतं ऐकलं.

सगळं ठीक होतं, पण मामांच्या समोर आल्यावर तिसऱ्या गाड्यातून वरची पट्टी लागली. ती फिरकी जगात एकच माणूस घेतो. गाढवाला राहवलं नाही. मामांनी ती फिरकी पंधरा वर्षं त्यांच्या तबेल्यात रोज सकाळी ऐकलीय. मी मागे वळलो. त्यांचा ॲडज्युटंट घोडा पुढे घालून गाड्यापाशी गेला, कापडाला हात घातला आणि वळून मामांकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी काठी खाली ठेवली नाही.

मग मामा म्हणाले, "गाडे शीळ घालतात, हे नवीनच. जाऊ दे."

टोपी मात्र शेवटपर्यंत काढली नाही. शब्दाचे पक्के आहेत.

आता तुला काय बोलायचं ते बोल. ड्यूकसाहेब मला बढती देणार नाहीत, दरबारात लोक मला काठीवाला राजपुत्र म्हणायला लागलेत. माथेस क्नोल उकडलेले बटाटे खातोय. चालेल मला.

तुझा,
एगोन


लिंडेनएक,
२ ऑक्टोबर

चि. एगोनला,
आईचा आशीर्वाद.

तुझं पत्र जिन्यावर उभी राहून मोठ्यांदा वाचलं. तसबिरींनाही ऐकू जाऊ दे म्हटलं. कुणी काही बोललं नाही.

रविवारी बिशप जेवायला आले होते. काठीवरून काहीतरी बोलायला लागले, तर मी त्यांना बोकडाची आठवण करून दिली. मोजे धुऊन वापर.

आई


छावणी, फाल्कनवेर्ट,
४ ऑक्टोबर

चि. एगोन यास,
आशीर्वाद.

सोबत एक झाकलेली टोपली पाठवली आहे. रिवाजाप्रमाणे वाटेत कुणी उघडणार नाही. आत खरबुजं आहेत, आणि खाली गवतात आजोबांची तलवार. मी म्हातारा झालो, माझ्या भिंतीवर ती बरी दिसत नाही. कुणाला सांगू नकोस. आणि रजेसाठी फटके देणाऱ्या त्या कॅप्टनला मी दुसरीकडे धाडलंय, तेही कुणाला सांगू नकोस.

मामा


वाल्डहोफ,
९ ऑक्टोबर

ती. मामांना,
एगोनचा नमस्कार, यावेळी तटाच्या आडून नाही.

टोपली पोचली. तलवार त्याच गवतात गुंडाळून परत पाठवतोय. रागावू नका. ती मी सहाव्या गाड्याला दिली होती. परत घेतली तर त्या गाड्यातली आठ माणसं तुम्ही मला दान दिल्यासारखी होतील. ती दानाची नाहीत, मी ती तलवार देऊन घेतलीयत. तुमच्या भिंतीवरच राहू द्या. कुणी विचारलं तर खुशाल सांगा की भाच्याकडून जिंकली. पण कितीला, तेही सांगा.

पुढच्या वेढ्यात तुम्ही आत आणि मी बाहेर असलो, तर कुठं झोपता ते विचारीन. खरं सांगा.

कळावे. लोभ जसा आहे तसाच असावा, झाकलेला.
तुमचा भाचा,
एगोन

ता. क. खरबुजं ठेवून घेतली. त्रेपन्न जणांत वाटली, फोडी छोट्या आल्या.