चांगदेवभाऊंनी यंदा काय घेतलं?

४ नोव्हेंबर २००७

त्र्याऐंशी साली बीटाची व्हिडिओ मशीन रिक्षातून आणली, तेव्हा ती माझ्या मांडीवर होती. चांगदेव सारखे म्हणत होते, "मान सांभाळ." जणू बाळच. घरी येऊन जोडली, अख्खी चाळ दारात जमली, आणि सगळे मिळून पडद्यावरच्या मुंग्या बघत बसलो. कॅसेट आणायचीच राहिली होती! चांगदेव म्हणाले, "पण मुंग्या बघ किती स्वच्छ दिसतात."

आज हे आठवलं, कारण चांगदेव आमच्या व्हिडिओच्या दुकानासमोर पुन्हा रिक्षातून मांडीवर खोकं घेऊन उतरले.

(समोर 'अहो', वहीत चांगदेव. शाळेत मराठी बोललं की सिस्टर बाकावर उभं करायच्या. तेव्हापासून मनातलं लिहायचं ते मराठीतच, आणि कुणाला न विचारता.)

सध्या दोन नव्या डिस्क निघाल्यात. चित्र दोन्हींचं आरशासारखं. ब्लू-रे निळ्या डब्यात येते, एचडी डीव्हीडी लाल डब्यात. एकीची डिस्क दुसरीच्या मशीनमध्ये चालत नाही. दोघींतली एकच टिकणार, असं सगळे म्हणतात. कुठली, ते कुणालाच माहीत नाही.

खोक्यात लाल होतं.

५ नोव्हेंबर

दगडूचा फोन. वाटच बघत होते. हा शहाडचा होलसेलवाला, ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्या व्हिडिओ लायब्रऱ्यांना माल पुरवतो.

"वयनी, भाऊंनी यंदा काय उचललान?"

चांगदेवांनी बीटा घेतलं, बीटा बुडालं. ताटाएवढी लेझर डिस्क घेतली, तीही बुडाली. व्हीसीडी आली तेव्हा म्हणाले, चार महिन्यांत जाईल. अजून आहे. यांना चित्र चांगलं लागतं, लोकांना फक्त सिनेमा लागतो, एवढाच फरक. पण बाजाराने यावरून आपला नियम करून टाकलाय — चांगदेव घेतील त्याच्या उलटं घ्यायचं. दगडू मला विचारतो आणि मग सगळीकडे सांगतो. चांगदेवांना यातलं काही ठाऊक नाही. कधी कळू नये.

"अजून ठरलं नाही," म्हटलं.

"वयनी, आमचा पन पोट हाय."

सांगितलं. लाल.

"मंग आपून निला." फोन ठेवला. साधं थँक्यूही नाही.

दिवसभर चांगदेवांच्या नजरेला नजर दिली नाही. संध्याकाळी त्यांना आवडतात म्हणून बोंबील आणले.

११ नोव्हेंबर

दर्शना डोंबिवलीहून आली होती. बँकेतली नोकरी सोडून पोरीने यंदा नव्या मशीनचं दुकान टाकलंय. माल भरायच्या आधी तिने चांगदेवांना विचारलं होतं, पप्पा, काय भरू? हे म्हणाले होते, "निळं. डोळे मिटून निळं." तिने दुकान निळं करून टाकलं.

आज आमच्या दुकानात शिरली आणि समोर लाल फळी.

"पप्पा, मला निळं सांगितलंत आणि स्वतः लाल?"

चांगदेव डबे पुसत राहिले.

"म्हणजे माझं बुडालं तरी तुमचं राहील. असंच ना?"

"चहा घे," एवढंच बोलले.

चहा घेतला नाही. मला बाहेर ओट्यावर म्हणाली, "आई, गिऱ्हाईक येतं, चित्र बघून खूश होतं, मग विचारतं याच्या डिस्क भाड्याने कुठे मिळतील? कुठेच मिळत नाहीत. ते जातं निघून. मार्चपर्यंत बघेन, नाहीतर शटर खाली."

एकुलती एक पोर. माझ्यासारखीच हट्टी, आणि नाक पप्पांचं.

२० नोव्हेंबर

पेपरात आलंय, अमेरिकेत लाल मशीन एकदम स्वस्त झाली, लोकांच्या रांगा लागल्या. म्हणजे चांगदेव जन्मात पहिल्यांदा जिंकणार. आनंद झाला. लगेच दर्शना आठवली. मग तो आनंद कुठे ठेवावा कळेना.

गंमत पुढेच. दुपारी बाळकुमच्या नव्या कॉम्प्लेक्समधले एक साहेब लाल मशीन मागत आले. आपण होऊन! चांगदेव त्यांना म्हणाले, "कशाला घेता? थांबा जरा, घाई नको." साहेब हात हलवत परत. या माणसाने एका गिऱ्हाइकाला दुकानातल्या खुर्चीवर बसवून रात्रीपर्यंत लेझर डिस्कची थोरवी सांगितलेली मी पाहिलीय.

लालचं पोस्टर त्यांनी कॅलेंडरच्या मागे टांगलंय. मी पुढे घेतलं. संध्याकाळी पुन्हा मागे.

वय झालं की काय?

२ डिसेंबर

खोटं बोलले.

दगडूने विचारलं, "भाऊंचा लाल जातो का?" आवाजात हसू होतं. ते हसू मला टोचलं. म्हटलं, आयुष्यभर या माणसाला सगळे हसले, एकदा तरी त्याची मान वर असू दे.

"हातोहात जातोय," मी म्हणाले.

दगडूचं हसू गेलं. मग हळूच, "भाऊंचा माल खपतो? जग पलटला म्हनायचा."

सिस्टर असत्या तर बाकावर उभं केलं असतं. पण झोप छान लागली.

३ डिसेंबर

दगडूने सगळ्या लायब्रऱ्यांसाठी लालची ऑर्डर दिली! जेवताना चांगदेवांना अभिमानाने सांगितलं — तुमच्यामागे अख्खा बाजार येतोय. त्यांनी भाकरी खाली ठेवली.

"दगडू? लाल?"

"हो."

ताटावरून उठले. बोंबील तसेच. मला वाटलं, सुखाने घास उतरत नसेल. कधी सवय नाही ना.

४ डिसेंबर

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून शहाडला गेले. दगडूकडे! दुपारी आले आणि कालचं आणि आजचं, दोन्ही जेवले.

"काय बोललात एवढं?"

"काही नाही. लालची तारीफ केली. म्हटलं, दगडू, हेच टिकणार. माझा शब्द आहे."

५ डिसेंबर

दगडूने लालची ऑर्डर रद्द केली.

९ डिसेंबर

रमाबाई आल्या होत्या, माझ्या थोरल्या नणंद. लाल फळीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय रे चांगदेव, साऱ्या घरादाराचा रंग निळा. दाराला निळा, झेंडा निळा, लग्नात तुझा फेटा निळा. आणि दुकानात हे कुठून आणलंस?"

"ताई, निळ्याचं भलं व्हावं असं वाटतं ना तुला?"

"वाटणारच."

"मग चहा पी आणि गप्प बस."

रमाबाई मला आत येऊन विचारतात, "याला बीपीची गोळी देतेस ना?"

६ जानेवारी २००८

अमेरिकेतल्या एका मोठ्या सिनेमा कंपनीने लाल सोडलं, आता फक्त निळं काढणार. पेपर मी लपवला. पण यांनी तो आधीच वाचला होता, कारण येताना जिलबी घेऊन आले.

स्वतःचं बुडाल्यावर जिलबी कोण आणतं? रागारागाने मीच जास्त खाल्ली.

आता समोरच्या लायब्ररीत निळे डबे, स्टेशनजवळच्यात निळे, कल्याणला तर म्हणे दारातच लावलेत. दर्शनाचा फोन आला. आज तीन मशीन गेल्या. "आई, आता लोक विचारतच नाहीत डिस्क कुठे मिळेल. सगळीकडेच मिळते." आवाज किती दिवसांनी मोकळा! पप्पा कसे आहेत, ते विचारलं नाही. हे फोनजवळच उभे होते, मशीनची धूळ पुसत. त्या मशीनवर धूळ नव्हती.

२० फेब्रुवारी

लाल संपलं. जपानच्या कंपनीनेच जाहीर केलं, यापुढे बनवणार नाही.

दगडूने पेढे पाठवले. सोबत निरोप, "भाऊंचा हात लागला, आमचा सोना झाला." परत पाठवले. एक खाऊन.

२४ फेब्रुवारी

आज राग बाहेर पडलाच. म्हटलं, अहो, जन्मात एकदा तरी निळं घ्यायचं होतं. चांगदेव डबा पुसत होते. म्हणाले, "मी निळं घेतलं असतं, तर पोरीचं दुकान राहिलं असतं का?" मग म्हणाले, "दगडू तुला काय विचारतो ते मला बीटापासून माहीत आहे, वैशाली."

आमचं दुकान आता बंद करून आवरायला काढलंय. कुणाला काय, ते लिहून ठेवते. काउंटर आणि फळ्या दर्शनाला. लेझर डिस्क रमाबाईंना, त्यांना कुंड्यांखाली ठेवायला काहीतरी हवंच आहे. बीटाची मशीन माझी, मान सांभाळून न्यायची. लाल मशीन आमच्या बैठकीत राहील, कुणालाही द्यायची नाही. लाल डब्यांतला एक दर्शनाला, तो मी स्वतः नेऊन देणार आणि सगळं सांगणार, आणि रविवारी तिला जेवायला घेऊन येणार.

दगडूला काहीही सांगायचं नाही. त्याचा फोन येत राहायला हवा.