चार थेंबांचे टायर

प्रिय शुभंकर,

डबा ओट्यावर ठेवलाय. तो खाऊनच हे वाच, उपाशीपोटी तू वाद जास्त घालतोस. समोर बोलायला गेलं की तू मोबाइलवर ढग दाखवतोस, म्हणून सरावाला निघण्याआधी लिहितेय.

चेन्नईची शर्यत मला अजून पचलेली नाही. आभाळ काळवंडलं, चार थेंब पडले आणि तू घाईघाईनं माझ्या रेसच्या बाइकला पावसाळी टायर चढवलेस. मी सांगत होते, वारा सुटलाय, ढग जाईल. ऐकशील तर शपथ. दुसऱ्याच फेरीत ऊन पडलं. पावसाळी टायरचं रबर मऊ, त्याला गार राहायला पाणी लागतं, हे मला तूच शिकवलंस. कोरड्या ट्रॅकवर त्याचा खोडरबरासारखा चुरा व्हायला लागला. मागचं चाक प्रत्येक वळणावर सरकत होतं आणि सरावात मी ज्यांना सहज मागे टाकते ते एकेक करून पुढे निघून गेले. सगळ्यांच्या पुढे होते, सातवी आले. आणि तू काय विचारलंस, तर कुठे लागलं का.

हा तोच माणूस, ज्यानं लग्नाआधी आभाळ भरून आलेलं असताना ट्रॅकवर तळहात टेकवून कोरड्याचेच टायर ठेवायला लावले होते. मी जिंकले होते. त्या दिवशीच तुझ्यावर भाळले, खोटं कशाला बोलू. गेल्या वर्षी पडून माझं खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तुझं सगळं बिनसलंय. स्वारगेटपर्यंत जायचं तरी रखरखीत उन्हात रेनकोट घ्यायला लावतोस. स्वतः मात्र गुळगुळीत टायरच्या स्कूटरवरून रोज खराडीला जातोस, तेव्हा कुठे जातं हे शहाणपण? नुसता वैताग आणलायस.

तर ऐक. शेवटची शर्यत जिंकले तरच यंदाचं अजिंक्यपद माझं. त्या दिवशी टायर आपला मेकॅनिक रोहन ठरवेल. त्याला कालच सांगून टाकलंय. तुला आधी विचारलं नाही, कारण तुझा चेहरा उतरला की मी विरघळते. मी पडेन ही भीती मनात ठेवून टायर निवडता येत नाहीत, शुभंकर. नवऱ्यानं भ्यायला माझी काही हरकत नाही. म्हणून तू पिटमध्ये, बाइक तयार करतात तिथे, येऊ नकोस, प्रेक्षकांत बस. तिथे हवं तेवढं घाबर, डोळे मीट, नवस बोल. पण ये. तू आला नाहीस म्हणून मी हरणार नाही, पण जिंकूनही घरी यावंसं वाटणार नाही.

तुझीच, वैतागलेली,
उत्कर्षा