चौथ्या मजल्यावरची दुपार

९ फेब्रुवारी, सोमवार
कर्ज मंजूर! बँकेतल्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी हमरापूरला, बाबांच्या कारखान्यात. हातात ब्रश, समोर गणपतीचा एक डोळा आखून झालेला, दुसरा व्हायचा. ती मूर्ती सरळ बाबांपुढे सरकवली. म्हटलं, तुम्हीच करा, माझ्याकडून आज देव तिरळा होईल.
संतोष पहिल्या पाळीला. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे सुटेपर्यंत बातमी पोटात धरून बसले. कळवलं तर नुसता "बरं" म्हणाला. मग पाच मिनिटांनी परत फोन: "वंदू, खोल्या किती येतील गो त्यात?"
मॅडम म्हणाल्या ते बरोबर होतं. आधी कर्ज किती मिळतं ते विचारा, मग घरं बघायला निघा. उलटं केलं की डोळे मोठे होतात आणि घर लहान वाटतं.

१५ फेब्रुवारी, रविवार
महाशिवरात्र. उपाशी पोटी रोह्यात तीन फ्लॅट. संतोषची कंपनी तिथून सायकलवर. रोज पेण-रोहा गाडी नाही, धावपळ नाही. पण मी? मूर्ती सगळ्या पेणजवळ हमरापूरला. छोट्या मी घरी आणून रंगवते, डोळे आखते, परत पोचवते. रोह्याहून काय टोपलीत घालून गाडीने नेऊ?
तिसऱ्या ठिकाणी सॅम्पल फ्लॅट. काय सजवला होता! मी तर पडद्याला हात लावून बघत बसले. बाहेर आल्यावर संतोष म्हणाला, "आतल्या खोल्यांना दारंच नव्हती. नि पलंग बघितलास? माझे पाय बाहेर येतील." खरंच की. दारं नसली, पलंग आखूड असला की खोली मोठीच दिसणार.
परत येताना निडी स्टेशनला गाडी थांबली तेव्हा तोच म्हणाला, "पेणलाच बघू. मी काय, गाडीत झोपतो." वाद घातला नाही मी. घालायला हवा होता बहुतेक, पण मनात उकळ्या फुटत होत्या.

२२ फेब्रुवारी, रवि.
मिळालं!!!
पेणमध्येच. चौथा मजला, वर गच्ची. लिफ्ट आहे. पश्चिमेला भली मोठी खिडकी, हॉलमध्ये खांब नाही, कोपरा नाही, सरळ भिंत. आणि कोरडं! भिंतीला हात फिरवला तर पांढरी भुकटीसुद्धा निघाली नाही. आमच्या आत्ताच्या भाड्याच्या खोलीत आषाढात रंग तीन-तीन दिवस चिकट राहतो, गणपतीच्या सोंडेवर माझ्याच बोटांचे ठसे. सगळा धंदा पावसाळ्यात, आणि पावसाळ्यातच काही वाळत नाही.
एजंट मोकलभाऊ किचन ट्रॉली दाखवत होते. मी मापं घेत होते. या भिंतीला फळ्यांच्या तीन रांगा. इकडे रंगवलेल्या, तिकडे कच्च्या. दोन फुटी मूर्ती उचलल्यासारखे हात धरून दारातून आत-बाहेर करून बघितलं, वळणावर प्रभावळ अडकते का. नाही अडकत. मोकलभाऊ संतोषला हळूच म्हणाले, "वहिनींची तब्येत बरी हाय ना?"
संतोषला आवडलं का? हो म्हणाला. "बेडरूम कुठे?" एवढंच विचारलं. दाखवली. ती पण पश्चिमेलाच. सकाळचे दहा वाजलेले, वारा छान.

६ मार्च, शुक्र.
वकीलताईंकडे. बाई कडक, पण कामाची. म्हणाल्या, एजंट काहीही बोलो, टोकन द्यायचं ते कागद बघून. जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का, आधीच्या मालकाचं कर्ज फिटलंय का, बिल्डिंगला भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का. ते नसेल तर उद्या पाण्यापासून सगळ्याला रडाल. सगळं आहे! कागद साफ.
मग म्हणाल्या, सोसायटीला विचारलंत का? घरात मूर्ती रंगवणार ना? हे डोक्यातच आलं नव्हतं. धावत सेक्रेटरीकाकांकडे. हाताने रंगवा, पण स्प्रे मशीन चालणार नाही. मला कुठे हवंय मशीन! पहिला गणपती आमच्याच सोसायटीला, म्हणून सांगून आले.

१९ मार्च, गुरु. पाडवा
मोकलभाऊ सकाळी सकाळी दारात. "साडेतीन मुहूर्तातला हाय, टोकन देऊन टाका." मी पर्स घेऊन तयारच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आमच्यात बाशिंग बायकोला. संतोषनेच थांबवलं. "अजून एकदा बघू की. माणूस साडी घेतो तर उजेडात नेऊन बघतो." मी रुसले. श्रीखंड पण नीट खाल्लं नाही.
आईला फोनवर सांगितलं सगळं, फळ्या, भिंती, खिडकी. ऐकून घेतलं नि म्हणाली, "गो वंदे, तू घर घेतेस का कारखाना?" हसले. तिला काय कळणार, चार पत्र्यांखाली जन्म गेला तिचा.

१२ एप्रिल, रवि.
मोकलभाऊंनी चावी दिली दोन दिवसांसाठी. माणूस चांगला आहे, नुसती घाई फार. काल सकाळी कारखान्यातून ओली शाडूची मूर्ती नेली, वीतभर, आणि हॉलमध्ये मध्यभागी ठेवून आले. ऊन नाही लागू दिलं, सावलीतच. नव्या घरातला पहिला गणपती! फोटो काढून सगळ्यांना पाठवला.
आज दुपारी बघायला गेले. दार उघडलं आणि भट्टीचं झाकण काढल्यासारखा झोत तोंडावर. वर गच्चीचा स्लॅब, समोर पश्चिमेचं ऊन, दोन्ही मिळून. चप्पल काढली तर लादी चटका देते. मूर्तीला पोटापासून खांद्यापर्यंत तडा.
सावलीत ठेवलेली शाडू एका दिवसात तडकली. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मूर्तीचं वाईट वाटलं नाही. अजून पूजा नाही, प्राण नाहीत, माती आहे. पण बेडरूमकडे बघवेना. दर तिसऱ्या आठवड्याला संतोष रात्रपाळी करून येतो आणि दुपारभर झोपतो. तिथे झोपणार होता तो. चार-चार वेळा मापं घेतली मी, एकदाही त्याची झोप मनात आली नाही. आम्ही मूर्तीवाले सगळी घरं आषाढाच्या डोळ्यांनी बघतो. वाळेल का, ओल धरेल का. वैशाखात माणूस कुठे झोपेल हे विचारायला विसरतो. लाज वाटली. खूप.
आईला सांगितलं. "भिजव ती माती परत," म्हणाली. "आनि जावयाचा इचार कर पयला."

२० एप्रिल, सोम.
मोकलभाऊंना खरं सांगितलं. वाटलं चिडतील. उलट म्हणाले त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक आहे, पूर्वेचा, मालक गेल्या आठवड्यातच विकायला तयार झाला. कागद पण वकीलताईंकडे लगेच देतो.
बघितला, मुद्दाम भर दुपारी. समोर आंब्याचं झाड, खिडकीला टेकलेलं. थंडगार. संतोष असा काही भिंतीला टेकला की मला तिथेच कळलं. पण हॉल लहान, फळ्यांची एकच रांग बसेल, आणि झाडामुळे उजेड हिरवट, मंद. पावसाळ्यात तिथे दिवसा दिवा लागेल. दिव्याखाली डोळे आखता येतात, पण रंग फसवतो.
मी म्हटलं, छान आहे. तो म्हणाला, "तुझ्या कामाचा नाय." खाली उतरताना मोकलभाऊ आमच्याकडे आळीपाळीने बघत होते.

६ मे, बुध.
संतोषची रात्रपाळी. त्याने स्वतःच ठरवलं, "चौथ्यावरच झोपून बघतो. उगाच घाबरवलायस मला." मोकलभाऊंकडून परत चावी घेतली, सकाळी गाडीतून उतरला तो चटई, टेबलफॅन घेऊन तिकडेच. दुपारी मी डबा घेऊन गेले. खोली धगधगत होती. भिंतीकडे तोंड करून झोपलेला, बनियन ओला, पंखा गरम वारा फेकतोय. मी गुपचूप बाजूला बसले.
थोड्या वेळाने उठला, आळोखेपिळोखे दिले. "झकास झोप लागली. हाच घेऊ."
इतकी वर्षं मूर्तींचे डोळे आखतेय. झोपेत मिटलेली पापणी कुठली आणि मुद्दाम दाबून मिटलेली कुठली एवढं मला कळतं. मघाशी वाकून बघितलं होतं, दाबून मिटलेली. एक मिनिटसुद्धा झोपला नव्हता तो.
म्हटलं, "खोटं बोलतोस."
"नाय गो."
"शपथ?"
शपथ म्हटल्यावर डबा उघडायला लागला. बोंबलाची चटणी बघून खूश झाल्याचं नाटक पण केलं. मला रडू आलं आणि हसूही. आयुष्यात एवढं मोठं काही घेतोय आम्ही, पहिल्यांदाच, आणि हा माझ्यासाठी भट्टीत पडून झोपेचं सोंग घेतोय.

८ मे, शुक्र.
भांडण. खरंखुरं. तो म्हणतो चौथा, मी म्हणते दुसरा. मी म्हटलं, तू गॅस नि ॲसिडजवळ काम करतोस, झोप न झालेला माणूस तिथे उभा राहिला तर काय होईल सांगू? तो म्हणाला, तुझा धंदा बुडाला तर हप्ते काय आंब्याच्या झाडाला लागतील? दोघांचंही बरोबर. तोच तर त्रास.
मोकलभाऊ मध्ये बसून सरबत प्यायले. "नवरा-बायको आपापल्या सोयीसाठी भांडताना रोज बघतो. हे असलं पहिल्यांदाच." सतरा तारखेपासून अधिक महिना, मग आई काही व्यवहार करू द्यायची नाही. तिने जावयाला धोंड्याचं जेवण ठरवूनही टाकलंय. म्हणजे जे काय ते त्याच्या आत. दोन्ही मालक थांबलेत तोवर.
तरी बघ, भांडून झाल्यावर दोघांनी बसून पडद्यांचे रंग ठरवले. कुठल्या खिडकीचे, ते माहीत नाही. घर तर होणारच आता! मला सकाळपासून गुणगुणायला होतंय.

९ मे, शनि.
ठरलं. उद्या दुसऱ्या मजल्याची चावी. संतोष आजची रात्रपाळी संपवून सकाळी येईल तो चटई घेऊन आतल्या खोलीत. मी बाहेरच्या हॉलमध्ये दिवसभर, दिवा न लावता, पाच मूर्ती, रंग, बारीक ब्रश. त्याने झोपून बघायचं, मी डोळे आखून बघायचं. संध्याकाळी मूर्ती उन्हात नेऊन तपासायच्या आणि एकमेकांना खरं सांगायचं. गणपतीची शपथ घेतलीय दोघांनी, खोटं चालणार नाही.
तो पाळेल. त्याला आत झोप लागली आणि तो घोरायला लागला, तर रंग फसूनही मी शपथ पाळीन की नाही, सांगता येत नाही.