बांधावरची बैठक

ठाणे, सोमवार, ३ फेब्रुवारी १८९०

आज पुन्हा घेतली. कचेरीत जायच्या आधी, मोरीत उभं राहून, औषधाच्या बाटलीतून. वर दोन वेलच्या चावल्या. सगुणेने ताट वाढलं आणि पाठ फिरवली. चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं! बायको भांडत नाही म्हणजे तिने आशा सोडली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

टेंभी नाक्यावर मद्यपाननिषेधक मंडळीची सभा होती. हिय्या करून गेलो — वाटलं, कुणीतरी मार्ग सांगेल. अध्यक्ष कोण, तर आमचेच हेडक्लार्क त्र्यंबकराव! तासभर बोलले. मद्यपी म्हणजे पशू, त्याला वाळीत टाका. टाळ्या! मीही वाजवल्या. न वाजवून सांगतो कुणाला?

निघताना त्यांनीच गाठलं. "तुमचं अक्षर मोत्यासारखं. तुम्हीच आमचे चिटणीस." मी हो म्हणालो. हो म्हणालो! दारुड्याला दारूबंदीचा चिटणीस केला. आता सुटका मागू कुणाकडे?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कोपरीच्या मिठागरावर मिठाच्या मोजणीला गेलो. तिथला मुकादम धाकू जवळ येऊन हळूच म्हणाला, "वेलचीनं वास जात नाय, रावसाहेब. मीबी चावायचो." म्हटलं, हा आता गावभर करणार! पण तो हसला नाही. त्याचा भाऊ पिऊन खाडीत बुडाला. तेव्हापासून अकरा महिने याने शिवली नाही. असे आठ-नऊ जण रविवारी दुपारी मिठागराच्या बांधावर बसतात म्हणे.

"या तुमी. तितं कोन कोनाला शिकवत नाय."

रविवार, १६ फेब्रुवारी

गेलो. सकाळी घेऊनच गेलो, नाहीतर पाऊल उचललं नसतं. सगळे मिठागरावरचे आगरी, उघड्या अंगाने बसलेले. पगडीवाला मी एकटा. कुणी हटकलं नाही. मग मिठाची परडी फिरली. ज्याने त्याने चिमूट उचलून तोंडात टाकली. माझ्यापुढे आली. पुढे आलेला प्रसाद कुणी नाकारतो का? उचलली, कपाळाला लावली, खाल्ली!

मग कळलं. आठ दिवस ज्याने घेतली नाही त्यानेच चिमूट खायची. घेतली असेल त्याने परडी मुकाट पुढे द्यायची आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायचे, कुणी काही विचारत नाही. पण मिठावर खोटं केलं, तर त्याला परत बसू देत नाहीत.

सगळे खूश. एका म्हाताऱ्याने पाठ थोपटली. धाकूने नुसतं पाहिलं. माझ्या शेजारीच होता तो, त्याला वास आल्याशिवाय राहिला असेल?

बुधवार, १९ फेब्रुवारी

घेतली.

रविवार, २३ फेब्रुवारी

गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? दिवसभर माजघरात पडून राहिलो. सभेत गेलो तर ढोंगी, बांधावर गेलो तर खोटारडा, घरात बसलो तर बाटली. मला तिन्हीकडून कोंडलंय, आणि कड्या सगळ्या मीच घातल्यात.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

धाकू कचेरीत आला, आणि सगळ्यांदेखत — "रावसाहेब, रविवारी बांधावर आलाव नाय?" त्र्यंबकरावांनी मान वर केली. "काय रे, यांचं तुमच्यात काय काम?"

मेलो!

धाकूने एकवार माझ्याकडे पाहिलं. "साहेब, हे आमाला दारू सोडाला शिकवतान. लय उपकार हायेत."

त्र्यंबकराव खुर्चीतून उठलेच. शिमगा झाला की सभेत माझा सत्कार! हार, भाषण, सगळं. धाकूने वाचवलं की पुरलं मला?

रविवार, २ मार्च

आज गेलो. परडी धाकूपासून सुरू होते. त्याने चिमूट घेतली नाही. पुढे सरकवली! म्हातारा नियम विसरून ओरडला, "धाकू, तू प्यालास?"

"नाय. पन खोटा बोललो. कोनासाठी ते इचारू नका."

त्याचे अकरा महिने गेले. उद्यापासून पुन्हा एकपासून मोजणार. प्यालो मी आणि शिक्षा त्याला! परडी माझ्यापुढे आली, मी पुढे दिली. नुसती दिली. तोंड उघडेना. लाज वाटते रे, फार लाज वाटते.

शुक्रवार, ७ मार्च

सगुणेने सत्कारासाठी उपरणं धुऊन ठेवलंय. महिन्यात पहिल्यांदा आपणहून बोलली. "अहो, खरंच शिकवता त्यांना?" मी हो म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून मी मोरीत गेलो आणि बाटली काढली. असा माणूस आहे मी.

सोमवार, १० मार्च

काल सकाळी सभेत त्र्यंबकराव हार घेऊन पुढे आले. मी त्यांचा हात धरला. मोठ्याने म्हणालो, "मी पितो. आजही पिऊन आलोय. तो बिचारा धाकू मला झाकायला खोटं बोलला." मी बाहेर पडलो. त्र्यंबकराव मागून आले. वाटलं, संपली नोकरी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझा दंड धरला. तोंडाला वेलचीचा वास होता त्यांच्या.

"ते बांधावर," म्हणाले, "किती वाजता बसतात?"