लुसियाचं स्पॅनिश

२ नोव्हें., रवि.
सकाळी पेरूला व्हिडिओ कॉल. तिकडे शनिवारची रात्र. अबुएला, म्हणजे लुसियाच्या आईची आई, स्पॅनिशमध्ये विचारत होती, जेवलीस का. लुसिया इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ईट ऑलरेडी लाह." जेवले म्हणून. अबुएला माझ्याकडे वळून, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली : डिसेंबरात येते. तीन आठवडे थांबते. मग बघू.
काय बघू?

५ नोव्हें.
संदीपचा जहाजावरून फोन. रेंज तुटक. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. मारिसोल, त्याची पहिली बायको, वारली तेव्हा तिच्या आईला याने शब्द दिलाय : लुसिया शाळेच्या वयाची होईपर्यंत सिंगापूरला, पुढे तिला कुठे वाढवायचं ते दोघं मिळून ठरवू. आईची भाषा विसरली तर अबुएला तिला पेरूत, अरेकिपाला नेणार.
"हे लग्नाआधी सांगायचं ना मला!"
"तेव्हा ती चार वर्षांची होती गं. शाळा लांब होती."
लांब म्हणे. जानेवारीत प्रायमरी वन, म्हणजे पहिली. दोन वर्षं वेण्या मी घालते, तापात उशाशी मी बसते, आणि ठरवणार हे दोघं. फोन आपटणार होते, तेवढ्यात रेंजच गेली.

९ नोव्हें., रवि.
ठरलं. अबुएला येईपर्यंत रोज स्पॅनिश. मीही ऑनलाइन क्लास लावला. यिशुनच्या एक बाई सिंगापूर सोडून चालल्यात, त्यांच्याकडून मुलांची स्पॅनिश पुस्तकं आणली, पिशवीभर. पहिलं कोंबडीचं. मी ठसक्यात 'गलिना' वाचलं. लुसिया लोळून हसली. "गायिना, अनू! गायिना!" मला नावानेच हाक मारते. मीच सांगितलं होतं तसं.
कोंबडीमुळे का होईना, तोंड उघडलं.
(शाळेत मदर टंग म्हणून हिंदी मिळालीय. ना तिच्या मदरची, ना माझी.)

१७ नोव्हें.
मारिसोलच्या आवाजातलं अंगाईगीत संदीपने फोनमध्ये ठेवलंय. लुसियाच्या आंघोळीच्या वेळी लावते. मलाही पाठ झालं. आज भांडी घासताना गुणगुणत होते तर लुसिया म्हणाली, "तू नको म्हणू. ते मम्माचं आहे." आणि पुढची ओळ स्वतः म्हणाली, अख्खी, न अडखळता.
लागलं मला. खूप लागलं. आणि त्याच वेळी आनंदही झाला, हे कुणाला सांगू?

२३ नोव्हें., रवि.
एक गोष्ट आज डोक्यात आली ती जात नाही. स्पॅनिश नाही आलं तर अबुएला म्हणणार, विसरली, नेते. आलं तर म्हणणार, येतंय की, तिथे सहज रमेल, नेते. मी नक्की कुणासाठी राबतेय? तरी आजची दोन पानं वाचलीच.

६ डिसें., शनि.
चांगी विमानतळावर घ्यायला गेलो. अबुएला माझ्या खांद्याएवढी. लुसिया माझ्या मागे लपली. लोकरीचा स्वेटर आणलाय तिच्यासाठी, स्वतः विणलेला. या उकाड्यात! एसी सोळावर करून दहा मिनिटं घातला. बाईंच्या डोळ्यांत पाणी. मला राग धरायचा होता, धरता येईना.

८ डिसें.
रजा टाकली ते बरं. सकाळी अबुएलाने किन्वाची खीर केली. लुसिया पाय आपटत, "मला नको! मला नको!" अबुएलाचा चेहरा उतरला. खोलीत गेली ती दुपारपर्यंत बाहेर नाही. मला काही उमगेना. मग एकदम ट्यूब पेटली. स्पॅनिशमध्ये 'माला' म्हणजे वाईट बाई! नातीने आजीला तोंडावर वाईट म्हटलं, दोनदा.
दाराशी उभं राहून मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये समजावलं : आमच्यात 'मला' म्हणजे 'मला', तुम्ही नव्हे. तिने ऐकून घेतलं. पटलं की नाही देव जाणे. म्हणाली, "तुमची भाषा किती छान येते हिला."
कौतुक नव्हतं ते.

१३ डिसें., शनि.
लुसियाचा पुढचा दात पडला. अबुएला म्हणते उशीखाली ठेव, उंदीर येऊन नेईल, पैसा ठेवून जाईल. मी म्हटलं आमच्यात छपरावर टाकतात. बारावा मजला. खिडकीतून काही टाकलं तर दंड. लुसियाने उंदीर निवडला. अर्थात. छपरावर टाकून पैसे कोण देतंय?
रात्रीच्या जेवणात ती अबुएलाशी सलग बोलत होती, निम्मं स्पॅनिश, निम्मं हातवारे. मी पोळ्या लाटत बसले.

१९ डिसें.
सेम्बावांगच्या बाजारातून आले तर अबुएला फोनवर बहिणीशी बोलत होती. कान टवकारले. 'कोलेखिओ'. 'मार्सो'. शाळा. मार्च. त्यांच्याकडे शाळा मार्चमध्ये सुरू होते, हे मला क्लासमध्येच शिकवलंय.
एवढंही स्पॅनिश आलं नसतं तर बरं झालं असतं.

२५ डिसें.
काल त्यांचा सण. गव्हाणीत बाळ ठेवलं, गरम चॉकलेट, गोड पाव. सगळ्यांना घाम. लुसिया खूश, खरंच खूश. तिला इतकी खूश बघून मला भीती वाटावी, हे काय होऊन बसलंय माझं?
संदीप एक तारखेनंतरच उतरणार, अबुएलाचं विमान त्याआधी. तो म्हणतो, "लुसियाला विचारा. तिच्या मनावर सोडू." स्वतः समुद्रात बसून सोडतो आहे.

२६ डिसें., शुक्र.
उद्या अबुएला निघणार. संध्याकाळी तिने लुसियाला समोर बसवलं आणि मला म्हणाली, तू विचार, तुझ्या भाषेत, तिला नीट कळायला हवं. वाक्य मला दोनदा सांगितलं : माझ्याबरोबर येशील का, तिथलं घर, तिथली शाळा.
मी विचारलं, "अबुएलाकडे राहायला जाशील?"
"हो!" टुणकन उडीच मारली. अबुएलाला मान हललेली दिसली. तिने तोंडावर हात धरला.
आपलं 'राहायला' असं दगाबाज. सुट्टीत आठ दिवस जायचं तेही राहायला, जन्मभराचं तेही राहायला. मग म्हटलं, "सुट्टीपुरतं नाही गं. कायमचं. शाळा तिथे. मी इथे."
'मी इथे' अबुएलाच्या वाक्यात नव्हतं. ते मी घातलं. घातलं तर घातलं.
लुसियाने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग अबुएलाच्या मांडीवर चढून तिच्या कानात बोलायला लागली. स्पॅनिशमध्ये. बराच वेळ, न थांबता. इतकं येतं तिला, मला माहीत नव्हतं. अबुएलाने डोळे मिटून ऐकलं. काय म्हणाली विचारलं तर म्हणे, "मान्याना." उद्या.
मला सगळ्यात एकच शब्द कळला. पेरो. म्हणजे 'पण'. त्याच्या आधी ती काय म्हणाली आणि नंतर काय, ते पंख्याच्या आवाजात गेलं.